डुकरीण, शेळ्या आणि नाक्यावरचा मार

हे आजवर कुणाच्या कानावर घातलेलं नाही. बायकोच्याही नाही. आता तुम्हाला सांगतोय, तर आधीच एक बजावून ठेवतो — धारमध्ये माझं बोलणं लोक बारा आणे कापून ऐकतात. मी अजगर म्हटलं की ते धामण धरतात, धामण म्हटलं की सुतळी. बरोबरच आहे त्यांचं. नालछ्याच्या शाळेत सत्तावीस वर्षं गणित शिकवलं, पण आकड्यांशी इमान राखलं ते फक्त फळ्यावर. तेव्हा पुढचं वाचताना डुकरांच्या नि शेळ्यांच्या बाबतीत हवं तेवढं कापा. अक्काच्या बाबतीत मात्र काही कापू नका.

लॉकडाऊन लागला तेव्हा बायको पुण्याला मुलाकडे गेली होती, ती तिथेच अडकली. मी धारला एकटा. आणि खरं सांगू? इतकं बरं मला जन्मात कधी वाटलं नव्हतं. माणूस नावाच्या प्राण्याचा मला पहिल्यापासून तिटकारा. त्यात आमची गल्ली — आज गच्चीवर उभं राहून थाळ्या बडवणार, उद्या कुणी खोकला की त्याच्या दाराकडे पाठ करणार. आणि आमचं खानदान! पणजोबा राजाच्या पदरी दफ्तरदार होते म्हणे. अहो, दफ्तरातले बोरू तासायला होते ते. पण त्या बोरूंच्या भुशावर आम्ही चार पिढ्या नाक वर करून जगलो. खानदानाचा मोबाईलवर ग्रूप आहे. त्यावर रोज सकाळी काढ्याची कृती यायची नि कृतीखाली सत्तर जोडलेले हात. मी तो ग्रूप बघणं सोडलं आणि शेळ्या बघत बसलो.

शेळ्या कुठून आल्या? नानूरामनं आणल्या. माझाच जुना विद्यार्थी, दहावीत मी दोनदा नापास केलेला. चार शेळ्या विकायला धारला आला आणि बाजारच बंद. बस बंद, चौकात पोलीस. "मास्साब, दो दन राख लो," म्हणाला, माझ्या मागच्या अंगणात दोऱ्या बांधल्या आणि पायी नालछ्याच्या वाटेला लागला. त्या दोन दिवसांचे सात आठवडे झाले.

पहिल्याच दिवशी शेळ्यांनी माझं बीजगणिताचं पुस्तक खाल्लं. वर्गसमीकरणांपर्यंत आल्या आणि थांबल्या — नानूरामही तिथेच थांबला होता. मग बायकोची तुळस खाल्ली, चष्म्याची दोरी खाल्ली, पेन्शनीचा फॉर्म खाल्ला. मला राग येईना. सत्तावीस वर्षं रागावण्याचाच पगार घेतलेला माणूस मी, आणि राग येईना!

मग डुकरं आली. हॉटेलं बंद, लग्नं बंद, उकिरडे ओस. एक डुकरीण आठ पिल्लं घेऊन माझ्या मागच्या दाराशी येऊन उभी राहिली. (आठच. मित्रांना फोनवर अठरा सांगितली.) जन्मभर मी डुक्कर दिसलं की दगड मारला. त्या दिवशी हातात दगड नव्हता, दुधीची सालं होती, ती टाकली. दुसऱ्या दिवशी मुद्दाम दुधी आणला. तिचं नाव ठेवलं दफ्तरदारीणबाई — चाल तशीच, पहिल्या पंगतीला निघाल्यासारखी. पिल्लं एकमेकांच्या अंगावरून घसरायची, शेळी भिंतीवर चढून त्यांच्याकडे थेट आमच्या आत्याबाईंच्या नजरेनं बघायची, आणि मी पायरीवर बसून हसायचो. एकटा. मोठ्यानं. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

तुम्ही कधी असे हसलात? मी एकसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा हसलो.

आता अक्का. — बघा, इथवर आलो नि पुन्हा शेळ्यांकडे पळावंसं वाटतंय.

अक्का माझी थोरली बहीण. बारा वर्षांनी मोठी. देवासला टेकरीखाली राहते. जन्म आईनं दिला, पण नाक पुसलं अक्कानं, पाढे घोकून घेतले अक्कानं. यजमान गेलेले, मुलगी परदेशात, खालचे भाडेकरू लॉकडाऊनच्या आदल्या दिवशी कन्नौदला आपल्या घरी निघून गेलेले. रोज संध्याकाळी फोन करायची. भाजीवाला आला का, दूध मिळतं का. एक दिवस हळूच म्हणाली, "बाळू, मला घेऊन जा रे. घर खायला उठतंय."

अक्कानं माझ्याकडे आयुष्यात काही मागितलं नव्हतं.

मी पाससाठी अर्ज केला. हे खरं आहे. तो दोनदा नामंजूर झाला. हेही खरं. आणि तिसऱ्यांदा — तिसऱ्यांदा मंजूर झाला. एका दिवसाचा, जाऊन यायचा. गाडी समोरच्या राजूभियाची. भिया बिचारा सकाळी सातला गाडी पुसून दारात हजर.

मी कुठे होतो? मागे, पांढऱ्या शेळीजवळ. ती पहाटेपासून अस्वस्थ होती, विणार होती. हे कारण म्हणून सांगतोय का? छे. शेळ्या माझ्या मदतीवाचून हजारो वर्षं व्यायल्यात. कारण वेगळं होतं. अक्काचं सोवळं कडक. ती आली असती तर दाराशी डुकरीण चालली नसती, अंगणात लेंड्या चालल्या नसत्या, पायरीवर बसून खिदळणारा भाऊही चालला नसता. माझी मजा संपली असती. एवढंच. याहून मोठं काही नाही — असतं तर बरं झालं असतं.

राजूभियाला सांगितलं, अक्का आता नको म्हणतेय, घर सोडवत नाही तिला. "जैसी जीजी की मरजी, मास्साब," म्हणाला नि गाडी मागे घेतली. तो आजही तसंच समजतो.

आणि अक्काला? पास मिळाला नाही म्हटलं असतं तर ती म्हणाली असती, उद्या पुन्हा बघ. मला विषय कायमचा मिटवायचा होता. तिथे माझी कला उपयोगी पडली. म्हणालो, अक्का, पासची वाट न बघता स्कूटर काढली. इंदूरच्या अलीकडे नाक्यावर अडवलं. हात जोडले, बहीण एकटी आहे म्हणालो, आणि पाठीवर लाठ्या पडल्या. दोन म्हणणार होतो, तोंडातून पाच निघाल्या. मधे थांबून कण्हलोसुद्धा. तेवढ्यात मागे शेळी कळवळून ओरडली.

"रडतोयस का रे?" अक्कानं विचारलं.

मी हो म्हणालो.

मग तीच रडली. म्हणाली, माझी शपथ आहे, पुन्हा निघायचं नाही. घेतली शपथ. फोन ठेवून अंगणात आलो तर दोन ओली करडं उभं राहायची धडपड करत होती. मी टाळ्या वाजवल्या.

बाराव्या दिवशी अक्का न्हाणीघरात घसरली. खुबा मोडला. सकाळी नऊपासून ओल्या फरशीवर पडून होती. संध्याकाळी दूधवाल्यानं हाका मारल्या, आतून कण्हणं ऐकलं, शेजाऱ्यांना जमवून दार तोडलं. तो दिवस मला लख्ख आठवतो, कारण त्याच दुपारी पांढरं करडू डुकरिणीच्या पाठीवर चढलं आणि ती त्याला घेऊन अख्खं अंगण फिरली. यात एक आणाही कापू नका. मी चार जणांना फोन करून ते सांगितलं. अक्काला लावला नाही — तिला डुकरं कशी सांगणार?

रस्ते उघडले तेव्हा देवासला गेलो. अक्का कॉटवर. मला बघून पहिलं काय विचारलं असेल? "पाठ कशी आहे?" मग लाडानं, मोठं काम केल्यासारखं सांगू लागली. "फोन बादलीपाशीच होता रे, हाताला लागत होता. पण नाही केला. कुणालाच नाही केला, म्हटलं तुझ्या कानावर जाईल. तू शपथ पाळली नसतीस. निघाला असतास."

"निघालो असतो," मी म्हणालो.

नानूराम येऊन सहा शेळ्या घेऊन गेला. हॉटेलं उघडली त्या दिवशी दफ्तरदारीणबाई मागे न बघता निघून गेली. अक्का आता वॉकरवर चालते. नाक्याची गोष्ट तिनं सगळ्या खानदानाला सांगितली आहे, आणि माझ्यापेक्षा चांगली सांगते. पाचाच्या अकरा लाठ्या झाल्या, स्कूटरही जप्त झाली. ग्रूपवर माझा फोटो आला, खाली सत्तर जोडलेले हात. मी ज्यांना बोरूच्या भुशावर जगणारे म्हणून हसलो, ते निदान पणजोबांच्या नावावर जगले. मी कशावर जगतोय?

दर भाऊबीजेला देवासला जातो. ओवाळून झालं की अक्का वॉकर सरकवत स्वयंपाकघरात जाते, तिळाच्या तेलात लसूण तडतडवते. म्हणते, वळ गेले तरी थंडीत जुना मार आतून ठणकतो. मला समोर पाटावर बसवते, सदरा वर करायला लावते. स्वतः कॉटच्या कडेला टेकून, एका हातानं वॉकर धरून, दुसऱ्या हातानं चोळते. माझी पाठ कोरी करकरीत आहे.

"इथे?" ती विचारते.

"जरा वर," मी म्हणतो. "डावीकडे." आणि कण्हतो.