टक्केसाहेबांची किल्ली

आमच्या शेजारच्या गृहस्थांना सगळी इमारत टक्केसाहेब म्हणते. विमा कंपनीसाठी ठोकलेल्या गाड्या तपासायच्या आणि कोणाची चूक किती टक्के ते ठरवायचं, ही त्यांची नोकरी. नोकरी संपली, टक्के संपले नाहीत. दूध उतू गेलं तर सत्तर टक्के वहिनींचे, तीस गॅसचे. लेकीचं लग्न मोडलं तेव्हाही त्यांनी वाटप केलं. तिच्या वाट्याला किती आले ते ती अजून विसरलेली नाही. स्वतःच्या वाट्याला मात्र कधी काही आलं नाही. मी नाटकात कामं करायचे तेव्हा आमच्या कंपनीत असा एक नट होता. संवाद तो विसरायचा आणि डोळे प्रॉम्प्टरवर वटारायचा.

दोनदा खांबाला गाडी घासल्यावर लेकीने सांगून टाकलं होतं, "बाबा, आता एक जरी पोचा पडला तरी किल्ली माझ्याकडे."

"खांब चुकीच्या जागी आहे," साहेब म्हणाले होते.

त्या सकाळी ते मला डोळ्यांच्या दवाखान्यात नेत होते. एवढं श्रेय त्यांना द्यायलाच हवं, इमारतीतल्या कुठल्याही म्हाताऱ्या माणसाला ते नाही म्हणत नाहीत. वहिनी पुढे, मी मागे. दवाखान्याच्या पार्किंगमध्ये शिरलो तर एक पावाची व्हॅन आपल्या जागेतून रिव्हर्समध्ये बाहेर येत होती. साहेबांनी गाडी थांबवली आणि हॉर्न दाबून धरला. व्हॅनही थांबली.

"सरळ जाणाऱ्याचा हक्क पहिला. रिव्हर्स घेणाऱ्याने थांबायचं असतं."

"थांबलीय की ती," वहिनी म्हणाल्या.

"नुसतं थांबून काय होतं? तिला नियम समजलेला दिसत नाही."

"अहो, जाऊ द्या."

साहेबांनी जाऊ दिली. स्वतःची गाडी. आम्ही थांबलोय असं बघून व्हॅनवालीही त्याच क्षणी निघाली होती. दोन नट एकाच दारातून एकदम आत घुसले की जसा आवाज होतो, तसा झाला.

व्हॅनवाली उतरली. "काका, तुम्ही थांबलात म्हणून मी निघाले."

"थांबलो म्हणजे हक्क सोडला असं नाही."

"मग थांबलात कशाला?"

"तुला नियम सांगायला."

"तुमची काच बंद होती, काका."

लेक त्याच दवाखान्यात काउंटरवर बसते. आवाज ऐकून ती बाहेर आली, चेपलेलं बोनेट पाहिलं आणि किल्लीसाठी हात पुढे केला.

"थांब. व्हॅन सत्तर टक्के," साहेब म्हणाले. "तीस तुझी आई. जाऊ द्या म्हणाली ती."

"मी त्या बाईला जाऊ द्या म्हटलं होतं," वहिनी म्हणाल्या. मग जरा थांबल्या. तसं थांबायला शिकण्यात माझी निम्मी कारकीर्द गेली. "पण राहू दे. तीस कशाला, शंभर माझे. लग्न झाल्यापासून आज पहिल्यांदा यांनी माझं ऐकलं. इमारतीत सगळ्यांना सांगते, हे माझ्या सांगण्यावरून गाडी चालवतात."

व्हॅनवालीने तोंडाला पदर लावला. साहेब लालबुंद झाले.

"तुझ्या सांगण्यावरून मी काहीही करत नाही."

"मग गाडी पुढे कोणी नेली?" लेकीने विचारलं.

साहेबांनी वहिनींकडे पाहिलं, व्हॅनकडे पाहिलं, माझ्याकडेही पाहिलं. प्रॉम्प्टर कुठेच नव्हता. त्यांनी किल्ली लेकीच्या तळहातावर ठेवली. "ब्रेक जरा जोरात दाबावा लागतो," ते पुटपुटले.

परतताना लेक चालवत होती, साहेब माझ्या शेजारी मागे. फाटकाशी एक मोटारसायकल आडवी आली. साहेबांनी तोंड उघडलं, आम्हा तिघींकडे पाहिलं आणि मिटून घेतलं.