तपासणीच्या आठवड्यातल्या बातम्या

माझं अक्षर चांगलं होतं आणि त्याचा मला माज होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सांगायला सोपं जाईल.

ब्रह्मपुरीपासून एसटीने तासाभरावर आमचं गाव. गावात माध्यमिक शाळा होती, पण नववीपर्यंतच. दहावीचा वर्ग मागून मागून मुख्याध्यापक थकले होते. नदीपलीकडचा गडचिरोली जिल्हा वेगळा होऊन तेव्हा चारपाच वर्षं झाली असतील. दिवाळीनंतर एकदाचा निरोप आला, की शनिवारी दोन साहेब तपासणीला येतील, शाळा बघतील आणि मग दहावीचं ठरवतील.

मला त्याची फारशी फिकीर नव्हती. वडील प्राथमिक शाळेत मास्तर, त्यांनी मला एसटीचा पास काढून दिलाच असता. पण माझ्याच बाकावर बसणाऱ्या मैत्रिणीचं सगळं त्या शनिवारवर अडकलं होतं. गणितात ती माझ्या चार पावलं पुढे होती. तिच्या बापाने तिला स्पष्ट सांगितलं होतं, "गावातच दहावी झाली त शिक. ब्रह्मपुरीले मी पोरगी धाडत नाई."

सोमवारी मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. "बेटा, वऱ्हांड्यातल्या फळ्यावर रोज शाळेची एक बातमी लिहायची. साहेबाले दिसलं पाहिजे, शाळा जिवंत हाये म्हणून." मी हुरळून गेले. काय लिहायचं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

धानकापणीचे दिवस होते. सोमवारी मी लिहिलं : 'नववीत त्रेचाळीसपैकी सतरा हजर. बाकीचे कापणीला.' मंगळवारी त्याच्याच खाली लिहिलं : 'शेजारच्या गावी मंडईची जत्रा व रात्री नाटक असल्याने आज शाळा दुपारी सोडण्यात आली.' बुधवारची बातमी माझ्या विशेष आवडीची होती : 'विज्ञानाचे शिक्षक नसल्याने चित्रकलेच्या सरांनी फळ्यावर चंबू काढून दाखविला.' चारही बाजूंनी वेलबुट्टी काढली, निळ्या खडूने.

गुरुवारी कबड्डीत हरल्याचं लिहीत होते तेव्हा मैत्रीण मागे येऊन उभी राहिली. तिने सगळा फळा वाचला.

"इतकं खरं काऊन लिहून राह्यली वं? साहेब वाचतीन ना."

"बातमी म्हणजे जे झालं ते," मी वळूनही न बघता म्हणाले.

"सतराचे चाळीस कर ना. मी पुसून देतो."

"फळ्याला हात लावू नको. माझं अक्षर बिघडते."

तिने हात मागे घेतला. मास्तराच्या पोरीशी कोण वाद घालणार! त्या वयातला माझा तो शहाणपणा आठवला की आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

मुख्याध्यापकांचा बेत साधा होता. शुक्रवारी शेताशेतांतून फिरून मुलं गोळा करायची, शनिवारी वर्ग भरलेला दाखवायचा. ब्रह्मपुरीहून एक विज्ञानाचा पदवीधरही त्या दिवसापुरता शिक्षक म्हणून येणार होता. शुक्रवारी सकाळीच ते सायकलवर निघाले. आणि मी लिहिलं : 'मुख्याध्यापक मुलांना शेतांवरून आणण्यास गेले आहेत.'

साहेब शुक्रवारीच आले. वाटेत दुसरी एक शाळा होती, ती लवकर आटोपली म्हणे. जीप थांबली तेव्हा वर्गात आम्ही पंधरा जण होतो. चित्रकलेचे सर पाण्याचे पेले घेऊन धावले. मोठे साहेब फळ्यासमोर थांबले, चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत सावकाश वाचलं. मग विचारलं, "कोणाचं अक्षर?"

कोणी बोट दाखवायच्या आत मी पुढे झाले.

"सुंदर," ते म्हणाले. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि सगळं आपल्या वहीत उतरवून घेतलं. मैत्रीण दारात उभी होती. मी अभिमानाने तिच्याकडे पाहिलं. ती माझ्याकडे नाही, साहेबांच्या वहीकडे बघत होती.

दुपारी मुख्याध्यापक परतले. मागे वीसेक मुलं, काहींच्या हातात विळे तसेच. साहेब चहा पिऊन निघून गेले होते. आठवडाभर तपासणीच्या धावपळीत असलेल्या मुख्याध्यापकांनी तेव्हा पहिल्यांदा फळा वाचला. मग डस्टर घेऊन स्वतःच पुसला. रागावले असते तर बरं झालं असतं.

एप्रिलमध्ये पत्र आलं. पटसंख्या अपुरी, शिक्षक नाहीत, वर्ग देता येत नाही. वडील म्हणाले, साहेबांना आज ना उद्या कळलंच असतं. कळलं असतंच. मीही पुष्कळदा स्वतःला तेच सांगून पाहिलं आहे, त्याने काही होत नाही.

जूनपासून मी ब्रह्मपुरीला जाऊ लागले. मैत्रिणीचं शेत गावाच्या थांब्याला लागूनच होतं. रोवणी सुरू झाली, आणि संध्याकाळी मी एसटीतून उतरले की ती हातातली रोपं बांधावर ठेवून, चिखलाच्या पायांनी रस्त्यावर यायची. "आज गणितात काय झालं वं?" मी वही उघडून दाखवायची. तिचे हात बरबटलेले असायचे, म्हणून पान मी उलटायचे. जे मला वर्गात कळलेलं नसायचं तेही ती उभ्या उभ्या सांगून मोकळी व्हायची. तिने एकदाही मला बोल लावला नाही.

हे मला आठदहा दिवसच सोसलं. मग मी एक थांबा अलीकडे उतरून, नाल्याच्या बाजूने घरी जायला लागले.