एकेचाळीस घावांचा राक्षस

लोकांच्या ऑफिसात वर्षाकाठी दोन-चार किस्से घडतात, तेही सहलीला गेल्यावर. आमच्याकडे इतके साठलेत की सांगायला बसलं तर जेवायची वेळ टळते! आमचा धंदाच तसला आहे. दिवसभर कुणी ना कुणी मरत असतं, आणि मेलेला माणूस लगेच मान वर करून विचारतो, "कॉफी आली का?"

सांगते. चेन्नईत गिंडीच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये खाली व्हॉल्व्ह बनवणारं एक छोटं युनिट आहे आणि त्याच्या डोक्यावर आम्ही सहा जण व्हिडिओ गेम बनवतो. रोगलाइट म्हणतात त्या जातीचा. म्हणजे एक भुयार, त्यात राक्षस. मेलात की पुन्हा पहिल्या खोलीपासून सुरुवात, आणि भुयारही दर वेळी नवीन! हातात उरते ती मूठभर राख. ती साठवत राहायचं, म्हणजे तलवारीला जरा धार येते. या साठवणीला ग्राइंडिंग म्हणतात. राक्षसाने किती जोरात मारावं आणि तो किती घावांनी मरावा, हे आकडे ठरवणारी बया म्हणजे मी. मूळची सांगलीची. स्वभाव हट्टी. हे मी नाही, सगळं ऑफिस सांगतं.

*

मालक प्रभू. प्रोग्रॅमर सेल्वी. आणि टेस्टर राव काका, ज्यांच्याशिवाय या गोष्टीला अर्थच नाही.

राव काका तंजावरकडच्या मराठी घराण्यातले. खालच्या युनिटमध्ये बत्तीस वर्षं चेकर होते. ड्रॉइंगवर लिहिलेलं माप आणि हातात आलेली वस्तू जुळते का हे बघायचं, जुळलं तर सही करायची. रिटायर होऊन पंधरा दिवस झाले तरी गृहस्थ रोज येऊन खाली बसायचे. एक दिवस आमचा आरडाओरडा असह्य होऊन तक्रार करायला वर आले.

स्क्रीनवर भुयाराच्या तोंडाशी असलेला जिना होता, तेवढा कधी बदलत नाही. तक्रार राहिली बाजूला, काका चष्मा सावरून बघत राहिले. मग तमिळमध्ये म्हणाले, "उतरताना बारा पायऱ्या होत्या. चढताना अकरा. एक कुठे गेली?"

सेल्वीने मोजल्या. खरंच अकरा! तीन महिने आम्ही सहा जण त्या जिन्यावरून वर-खाली करत होतो!

मी कपाळावर हात मारून म्हटलं, "अरे देवा, आता हे कोण निस्तरणार!" त्यासरशी काका गर्रकन वळले. "कोण गे तूं? मराठी बोलतेस?"

त्यांची मराठी जुनी, पोथीतली वाटावी अशी, आणि वर तमिळचा हेल. पण आठ महिन्यांत ऑफिसात कानावर पडलेलं ते पहिलं मराठी वाक्य होतं. मला एकदम भरून आलं. प्रभूने काकांना विचारलं, "सार, उद्यापासून येता का?" आणि मी मनातल्या मनात हात जोडले, की हो म्हणा, काहीही करून हो म्हणा.

*

पहिल्या दिवशी काका सत्तावीस वेळा मेले.

घरी गेल्यावर काकूंनी दारातच विचारलं, "नवीन काम काय केलांत?"

काका खरं बोलणारे. "सत्तावीस वेळां मेलों."

काकूंनी दार अर्धं लोटून घेतलं. "मग आधी न्हाऊन या!"

दुसऱ्या दिवशी हा किस्सा काकांनी स्वतःच सांगितला, अगदी गंभीर चेहऱ्याने. मागच्या न्हाणीत जाऊन खरंच आंघोळ केली होती म्हणे. "केव्हढी शिस्तीची बायको आहें," एवढंच म्हणाले.

*

तेव्हापासून रोज सकाळी मी शेअर ऑटोत बसल्याबसल्या सेल्वीला फोन करून दिवसाचं काम सांगते. एकदा गाडी गच्च भरलेली, आणि मी माझ्या मोडक्या तमिळमध्ये ओरडतेय, "राव सारांना दुसऱ्या खोलीत मारू नकोस गं! फार लवकर होतं. चौथ्या खोलीत मार. आणि हो, आधी त्यांना जरा जिंकल्यासारखं वाटू दे!"

शेजारच्या बाईने पिशवी उचलून मांडीवर घेतली. समोरचा कॉलेजचा पोरगा पुढच्याच थांब्यावर उतरला. ड्रायव्हर आरशातून बघत म्हणाला, "मॅडम, सार वयस्कर आहेत का?"

"हो, साठीचे आहेत. पण भारी चिवट! काल चाळीस वेळा मारलं तरी उठतायत!"

गिंडीला माझा दुसरा पाय रस्त्याला टेकायच्या आत ऑटो दिसेनाशी झाली.

*

काकांची वही हे एक प्रकरण आहे. प्रत्येक मरणाची नोंद. कुठली खोली, कुणी मारलं, कसं मारलं. आणि शेवटचा रकाना: "चूक कोणाची?" त्यात एक तर "माझी" नाहीतर "तुमची".

पहिल्या महिन्यात पानंच्या पानं "माझी". उडी उशिरा मारली, माझी. लोभ केला, पेटी उघडायला गेलो, माझी. मागे बघितलं नाही, माझी. कधीतरी एकदा "तुमची" यायचं, आणि ते माझ्या टेबलावर आलं की मी हातातलं काम टाकून आधी तेच बघायची! खांबाआडून बाण आला, तो दिसायला जागाच नव्हती. तुमची. दुरुस्त करा.

गेम कठीण असणं आणि गेम लबाड असणं यातला फरक मी मोठमोठ्या लेखांत वाचला होता. कळला तो या रकान्यामुळे. आता मी कुठलाही आकडा टाकताना आधी स्वतःला विचारते, इथे माणूस मेला तर काका काय लिहितील? याबद्दल त्यांचे उपकार मी या जन्मात विसरायची नाही.

*

मध्यंतरी प्रभूच्या डोक्यात आलं की गेम लांबला पाहिजे. "लोकांना साठ तास खेळायला लावू!" उपाय सोपा होता. राख कमी द्यायची. तलवारीला धार आणायची तर पहिल्या दोन खोल्यांतली तीच ती वटवाघळं मारत बसायचं.

मी भांडले. प्रभूने ऐकलं नाही. मालकच तो!

काकांनी मुकाट्याने चार दिवस वटवाघळं मारली. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा. एकदाही मेले नाहीत. चौथ्या दिवशी वही प्रभूच्या पुढ्यात ठेवली. पान कोरं, मधोमध एकच ओळ, आणि प्रभूसाठी खाली तिचं तमिळही लिहिलेलं: "चार दिवस चुकलों नाहीं. चार दिवस शिकलोंही नाहीं."

प्रभूने ते पान दोनदा वाचलं. मग सेल्वीला म्हणाला, "राख पहिल्यासारखी कर." वर मलाच ऐकवलं, "हे तू आधी नीट सांगायला काय झालं होतं?"

*

सेल्वी चेन्नईजवळच्या कोवलमची. वडिलांची होडी आहे, रोज पहाटे मासे धरायला समुद्रात जातात. एकदा रविवारी लॅपटॉप घरी नेऊन तिने त्यांना गेम दाखवला. ते बराच वेळ बघत होते. हिरो भुयारात उतरतो, मरतो, पुन्हा उतरतो, पुन्हा मरतो.

शेवटी ते वैतागून म्हणाले, "याला अक्कल नाही का? खाली काय आहे ते माहीत आहे, कालही हात हलवत आला, तरी रोज उठून जातोच आहे!"

सेल्वीची आई मासे साफ करत होती. तिने हातातला मासा खाली ठेवला, नवऱ्याकडे नीट बघितलं, आणि इतकी हसली, इतकी हसली, की शेजारची बाई काय झालं म्हणून बघायला आली!

*

आता शेवटच्या राक्षसाचं. तलवारीला कितीही धार आणा, तो एकेचाळीस घावांनीच मरतो. आकड्यांचा तक्ता भिंतीवर लावलाय, त्यात मोठ्या अक्षरात लिहिलंय. सगळ्यांनी मला विनवलं, कमी कर. सेल्वी म्हणाली, "अक्का, माणसं कंट्रोलर फेकतील!" मी म्हटलं, "फेकू देत, उचलतील परत." एकही घाव कमी केला नाही.

आणि मग आमचा गेम जगभर आणणार होते त्या परदेशी प्रकाशकांची मेल आली. गेम फारच कठीण वाटतो. कोड किंवा आकडे यांत हात नसलेल्या एका साध्या माणसाने शेवटचा राक्षस मारलेला आम्हाला बघायचाय. सलग रेकॉर्डिंग, आवाजासकट, शुक्रवारपर्यंत. नाहीतर आम्ही थांबतो.

प्रभूने मला गॅलरीत नेऊन हळूच सांगितलं, "ते थांबले तर महिनाअखेरीला मी हे बंद करतो. माझ्याच्याने आणखी नाही ओढवत." रागावला असता तर बरं झालं असतं. सहा जणांच्या खुर्च्या माझ्या एका आकड्यावर टेकल्या होत्या. आणि तसा साधा माणूस आमच्याकडे एकच, काका; ते तोवर एकदाही त्या राक्षसाला हरवू शकले नव्हते.

गुरुवारी सकाळी मी एकेचाळीसचे तीस केले. फक्त सेल्वीला सांगितलं. काकांना तर अटीचंही कुणी बोललं नव्हतं, उगाच दडपण नको म्हणून. हट्टी म्हणवणारी मी!

*

गुरुवारी दुपारी तीनच्या सुमारास काका राक्षसासमोर पोचले. रेकॉर्डिंग चालू. आम्ही सगळे खुर्चीमागे उभे. काका ओठांतल्या ओठांत घाव मोजत होते. ती सवय त्यांना आहे हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं! वीस. पंचवीस. अठ्ठावीस. एकोणतीस. राक्षस गुडघ्यावर आला, त्याचा जीव केसाएवढा उरला.

आणि काका थांबले.

"मारा, काका!" मी ओरडले. सेल्वी तमिळमध्ये किंचाळली, "सार, मारा! मारा ना!" प्रभूने तर डोळेच मिटून घेतले होते.

काकांनी कंट्रोलर टेबलावर ठेवला. नीट, सरळ रेषेत. राक्षस उठला आणि त्याने काकांना दोन फटक्यांत संपवलं.

काकांनी भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट केलं. "कागदावर एकेचाळीस आहें. कामांत तीस आहें. मी सही करणार नाहीं."

मला रडूच फुटलं. तिथेच, मायक्रोफोनसमोर, सगळं सांगून टाकलं. प्रकाशकांची अट, महिनाअखेर, माझा हट्ट, माझी लबाडी. माफी मागितली. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि जरा रागावूनच म्हणाले, "मग हें आधी सांगावें कीं नाहीं? मी बेगीन खेळलों असतों!"

"बेगीन म्हणजे?" मी नाक पुसत विचारलं.

"लवकर गे, लवकर! चल, खरा राक्षस आण."

मी एकेचाळीस परत टाकले. काका सहापर्यंत खेळले. तीन वेळा राक्षसापर्यंत पोचले. शेवटच्या वेळी सदतीस घाव झाले होते. सदतीस! मग त्यांनी चष्मा डबीत ठेवला, बसची वेळ झाली होती.

शुक्रवारी पाठवायला दुसरं काही नव्हतंच. प्रभूने अख्खं रेकॉर्डिंग तसंच पाठवून दिलं, माझ्या रडण्यासकट. "जे झालं ते झालं," म्हणाला. शनिवार-रविवार मी काढले कसे ते माझं मला माहीत. सांगलीहून आईचा फोन आला तर तिलाही सांगू शकले नाही. एकच गोष्ट मनात घट्ट होती. ऑफिस राहो न राहो, गुरुवारी मला एका भल्या माणसाने खोट्या सहीपासून वाचवलं होतं.

सोमवारी अकरा वाजता मेल आली. प्रभूला वाचवेना, त्याने लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. मी मोठ्याने वाचायला लागले. त्यांच्या ऑफिसात अकरा जण काम टाकून स्क्रीनसमोर उभे राहिले होते. भाषेचं एक अक्षरही कळत नव्हतं, तरी सगळे सदतिसाव्या घावाला ओरडले होते. गेम आम्ही आणतोय, एकाही आकड्याला हात लावू नका. आणि खाली वेगळ्या ओळीत: कृपा करून एवढंच लगेच कळवा, ते गृहस्थ पुन्हा खेळले का?

प्रभू खाली बसला तो जमिनीवरच. सेल्वीने मला मिठी मारली. मी डोळे पुसत कोपऱ्यातल्या टेबलाकडे धावले.

"काका! काका, ते विचारतायत, तुम्ही पुन्हा खेळलात का? काय लिहू?"

काकांनी स्क्रीनवरची नजर हलवली नाही. अंगठे चालूच होते.

"थांबा म्हणोन लिही गे," ते म्हणाले. "मरून येतों."