चतुराबाईची सही

चतुराबाई सही करायला दहा मिनिटं लावते, हे आमच्या जठारपेठेत सगळ्यांना ठाऊक आहे. सहीला नव्हे, आधीच्या वाचनाला. बँकेत, रेशन दुकानात, पोरीच्या शाळेत, कुठलाही कागद पुढे आला की ती अक्षरावर बोट ठेवून, ओठ हलवत शेवटपर्यंत वाचते. मागची रांग कुरकुरली तर म्हणते, "सरनं सांगतलं हाय, वाचल्याबिगर सई नाई कराची."

तो सर मी. मी निवृत्त झालो तेव्हापासून, आमच्याकडची भांडी आटोपली की ती रोज अर्धा तास ओसरीवर पाटी घेऊन बसायची. दीड वर्षात वाचायला लागली. एवढा हट्टी विद्यार्थी मला साऱ्या मास्तरकीत मिळाला नाही, असं मी चारचौघांत फुशारकीनं सांगत असे. आता सांगत नाही.

नाल्याकाठच्या टिनाच्या खोलीत ती आणि तिची मुलगी पौर्णिमा राहतात. गेल्या वर्षी आमच्या कॉलनीमागच्या मैदानावर गरिबांसाठी चार इमारती उठणार, दोनशे चाळीस घरं होणार, असा प्रस्ताव आला. चतुराबाईनं घरासाठी अर्ज केला. तो मीच भरून दिला. "पान्यात पोरीचे पुस्तकं खाटेवर ठेवा लागते, सर. पक्कं घर भेटलं तं बरं होईन," असं ती म्हणाली होती.

आणि पंधरा दिवसांनी त्या इमारतींविरुद्धची हरकतही मीच लिहिली.

कॉलनीची बैठक माझ्या घरी भरली होती. पाणी आधीच पुरत नाही, नाली तुंबते, रस्ता अरुंद, त्यात हजार माणसं वाढली तर कसं व्हायचं? यातलं खोटं काहीच नव्हतं. पण मला खरं काय टोचत होतं, ते त्या दोन पानांत कुठेच नव्हतं. मैदानात माझ्या मुलाची, केयूरची गाडी उभी राहते. गच्चीवर संध्याकाळी छान वारा येतो. आणि जिला मी ओसरीवर बसवून शिकवलं, ती माझी शेजारीण व्हावी हे मला नको होतं. लिहिताना लाज वाटते, पण आहे ते असं आहे.

शेजारचे शेखर वकील म्हणाले, "सर, साऱ्या बंगलेवाल्यायच्याच सह्या दिसून राहिल्या. दोन-चार गरिबायच्या असल्या तं वजन पडते."

दुसऱ्या दिवशी मी शेवटचं पान चतुराबाईपुढे धरलं. पाण्यासाठी अर्ज आहे, एवढंच बोललो. तिनं पदराला हात पुसून पेन घेतलं. तिनं वाचायला घेतलं असतं तर मी कागद ओढून घेतला असता बहुतेक. पण ती वाचायला थांबलीच नाही. "तुमच्या कागदाले काय वाचाचं, सर," म्हणाली आणि सही करून मोकळी झाली.

हरकत मान्य झाली. योजना शहराबाहेर गेली, बारा किलोमीटर लांब. चतुराबाईचं नाव यादीत लागलं, पण तिची पाच घरची कामं इथे, म्हणून तिला ते घर सोडावं लागलं. "इथलं घर कोनं आडवलं असन, सर?" तिनं मला दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी पेपर उघडून बसलो.

यंदा पौर्णिमाची पुस्तकं पुन्हा खाटेवर चढली, तेव्हा मला राहवेना. परवा हरकतीची प्रत तिच्या हाती दिली आणि वाच म्हणालो. ती ओसरीवर बसली. दोन्ही पानं वाचायला तिला बराच वेळ लागला. शेवटी बोट तिच्याच नावावर येऊन थांबलं.

"चुकलं माझं, चतुराबाई," मी म्हणालो.

"सई तं माईच हाय," ती म्हणाली. कागद घडी करून परत दिला, भांडी घासली आणि गेली. चार शब्द सुनावले असते तर मला बरं वाटलं असतं.

आज ती कोरा कागद घेऊन आली. "इथंच जवळपास घर द्या म्हून अर्ज लिवा." मी जीव ओतून लिहिला आणि सहीसाठी पेन पुढे केलं. तिनं ते घेतलं नाही. अर्ज घेऊन ओसरीवर बसली आणि पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं.