कपारीत न मावलेला सहादेव

अकोले तालुक्यात, भंडारदरा धरणाच्या पलीकडल्या एका वस्तीत सहादेव राहायचा. चौथीपर्यंत माझ्या हाताखाली शिकला. पुढे कडे चढायला येणाऱ्या शहरी पोरांचा वाटाड्या झाला. वस्तीमागच्या कड्यात एक उभी कपार आहे, खाली ऐसपैस आणि वर जेमतेम सव्वा वीत. सहादेव दोर घेऊन आधी तिच्यातून वर जायचा, दोर बांधायचा, मग बाकीचे चढायचे.

त्याचं शिकवणं मी ऐकलंय. "रुंद हाय तवर पाठ एका भितीला, पाय दुसऱ्या. अरुंद झालं की कोपर दुमडायचं, तळवा समोर रेटायचा. तोंड कुनीकडं ते खालीच ठरवा, आत मुंडी वळत न्हाई. दम सोडला की सरका. घेतला की छातीच तुमाला धरून ठिवती."

वस्तीत कुणाचं अंग किती सुटलं, ते त्या कपारीवरूनच ठरे. न मावणाऱ्या जावयाची वर्षभर चेष्टा चाले.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर सहादेवच छातीपाशी अडकला. नगरच्या गटातल्या आसिफने पाय धरून त्याला खाली ओढलं.

"काका, लाडू नडले!"

सहादेवही हसला. घरी बायको चांगुणा म्हणाली, "आता रातची भाकर बंद. वाटाड्याच अडकला तर कोन इचारील तुमाला?" आणि मीही, भेटल्यावर, त्याच्या पोटावर बोट टेकवून म्हणालो, "सहादेवा, याला जरा शिस्त लाव."

त्याने लावली. नुसती मीठ घातलेली पेज पिऊन राहू लागला. गाल बसले, दंडाची हाडं दिसू लागली. पोट मात्र तसंच. चढाला धाप लागे, ती आम्ही उपासाची समजलो.

माघात आसिफचा गट पुन्हा येणार होता. त्याच्या आदल्या दिवशी सहादेव चांगुणाला घेऊन कपारीपाशी गेला आणि आत शिरला.

"दम सोडा की!" ती खालून ओरडली.

"सोडतुय गं. सुटतच न्हाई."

कसाबसा उतरला आणि दगडावर बसून राहिला. आसिफला फोनवर म्हणाला, "दुसरा मानूस बघा."

त्याचा आवाज ऐकूनच आसिफ दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन आला आणि चांगुणा, तो नि मी सहादेवला संगमनेरला दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टरांनी घोट्यावर अंगठा दाबला. पडलेला खड्डा भरून आला नाही.

"ही चरबी नाही. अंगात पाणी साचलंय, हृदय थकलंय. कधीपासून आहे हे?"

मी दिवाळीपासूनचे महिने बोटांवर मोजले. तीन महिने झाले होते.

पाचव्या दिवशी सहादेव गेला. चांगुणा आसिफला बोलली नाही, डॉक्टरांना बोलली नाही. मला म्हणाली, "गुर्जी, आमी अडानी. तुमाला बी कळलं न्हाई?"