शेजारची खाट

आज सकाळी माझ्या खाटेवर कोरी चादर घातली आणि खळीच्या वासानं अंगावर काटा आला. माझ्या तरुणपणी असाच वास आला होता. तेव्हा संस्थान नुकतंच विलीन झालं होतं, आणि आमच्या नर्सिंगच्या एवढ्याशा वर्गाच्या तपासणीला मुंबईहून साहेब येणार होते. दवाखान्यातल्या खाटा रिकाम्या दिसल्या, तर वर्ग बंद होणार होता. म्हणून मेट्रनबाईंनी कसबा बावड्याहून धडधाकट बायका आणवल्या आणि नव्या चादरींखाली निजवल्या. माझा गणवेश शिवून आला नव्हता, म्हणून मलाही कपाळाला पट्टी बांधून निजवलं. शेजारच्या खाटेवरची बाई कण्हत होती. पलीकडची हसू दाबत तिला म्हणाली, "एवढं सोंग नगं की. साहेब तुझ्यापाशीच बसंल." कण्हणारीनं हात लांबवून माझं बोट धरलं. साहेब आले, तिच्या पायथ्याशी थांबले, मान डोलावून पुढे गेले. कण्हणं कधी थांबलं, कळलं नाही. चहाची किटली आली, तशा सगळ्या बायका खिदळत उठल्या. ती उठली नाही. मी बोट सोडवायला गेले, तर तिची पकड गार आणि घट्ट होती. "हिला कुणी आणलं?" मेट्रनबाईंनी विचारलं. "आमच्यातली न्हाय बाई," बावड्याची एक म्हणाली. "दारात बसलीती. तुमच्या पोरींनीच आमच्यासंगं आत आणून निजवली की." वर्गाला मान्यता मिळाली, मी नर्स झाले, म्हातारी झाले, आणि आता स्वतःच वॉर्डात पडून आहे. शेजारची खाट रिकामी आहे. तरी मी हात चादरीच्या आत ओढून घेतलाय.