फळा काळा करायचे सेल

"पाणी टाक! नको नको, वाळू टाक! अवो सरक तिथून!"

सुनंदाताई एकाच दमात हे सगळं ओरडून राहिली होती, अन् मी काहीच टाकून नव्हती राहिली, कारण माह्या हातात परी होती. परी माही पोरगी, तीन वर्षाची. तिचे दोन्ही हात डोळ्यावर होते अन् ती रडूनही नव्हती राहिली, नुसती तोंड उघडून होती. मागं दगडावर तो सेल अजून फुसफुस करून राहिला होता. धूर असा का वाटे घशात कोणी तिखट कोंबलं.

मी अंगणवाडीत मदतनीस आहो. सेविका म्हणजे लेकरांना शिकवणारी, ती आमची सुनंदाताई. मदतनीस म्हणजे लेकरं घरून आणणारी, खिचडी शिजवणारी, झाडझूड, भांडी, कोणी चड्डीत केलं तं धुणारी. शाळा माही आठवीत सुटली. म्हणून लिहिण्यात मागंपुढं झालं तं सांभाळून घ्या. पण हे सांगणं पाहिजे, कारण गावोगाव असंच करतेत अन् कोणालेच काही होत नाही, होत नाही, अन् मंग एका दिवशी होते.

आमच्या अंगणवाडीतला फळा म्हणजे भिंतीवर सिमेंटचा चौकोन. खडूनं लिहून लिहून तो पांढुरका होते. मंग तो काळा करावा लागते. त्यासाठी उतरलेले सेल फोडायचे. आमच्याकडं बॅटरी म्हणजे जिचा उजेड पडते ते, हातात धरायची. तिच्या आत जे टाकतो तो सेल. सेल फोडला का आत काळी भुकटी निघते. त्यात चुलीतला कोळसा कुटून टाकायचा, भोपळ्याचा पाला वाटून टाकायचा, अन् फडक्यानं फळ्याले घासायचं. फळा असा काळा होते का रात्र वाटते. माह्या शाळेत गुरुजी हेच करवून घेत. सुनंदाताई दरवर्षी हेच करते.

सुपरवायझर मॅडमची व्हिजिट होती. ताईनं लेकरांना सांगतलं, घरचे उतरलेले सेल आणा. लेकरं लागले आणाले. घड्याळीचे, रिमोटचे, खेळण्यातल्या गाडीचे. काहींच्या बुडाले पांढरं पाझरून आलं होतं. टोपलं भरलं.

मागच्या अंगणात मी दगड मांडला, हातोडी घेतली. परी माह्या समोर उकिडवी बसली, कारण सेलाच्या मधात कोळशाची कांडी असते अन् तिनं जमिनीवर रेघा ओढता येतेत. मी फोडत गेली, तिले कांडी देत गेली. तिच्या फ्रॉकच्या ओटीत कांड्या जमल्या.

मंग तो हातात आला. रिमोटच्या सेलाहून जाडा, लांब. वरून गुलाबी प्लास्टिक. आमचं गाव नागझिऱ्याच्या जंगलाले लागून आहे, धानात डुकरं येतेत, म्हणून माणसं जागलीले जातेत. आता सगळ्यांजवळ डोक्याले बांधायची बॅटरी आहे, चार्जिंगची. तिच्यातला हा सेल. हे मले मंग समजलं. तेव्हा नुसतं वेगळं वाटलं.

"ताई, हा वेगळाच दिसते वो."

ताई दारात बसून पताका चिकटवत होती. "वेगळा कायचा? नव्या कंपनीचा असन. ठोक जल्दी, अजून पाला वाटायचा आहे."

"आई, कांडी," परी म्हणली.

"थांब न बाप्पा. याच्यात मोठी निघन."

मी ठोकला. तो दबला, फुटला नाही. मी अजून जोरानं ठोकला.

आवाज फटाक्यासारखा नव्हता. कुकरची शिटी अडकल्यासारखा होता. अन् आग खालून नाही निघाली, आडवी निघाली, परीकडं.

मी तिले उचलून हातपंपाकडं पळाली. ताईनं वाळूचं घमेलं त्या सेलावर पालथं केलं, दगडासगट, अन् धावत येऊन दांडा हापसाले लागली. मी परीचं तोंड धारेखाली धरलं. डोळे उघडूनच नव्हती राहिली. मी बोटानं उघडले. आता ती रडाले लागली, अन् मले थोडं बरं वाटलं का रडून राहिली म्हणजे आहे.

"आता पुरे पाणी. दूध टाक डोळ्यात, तुह्यं दूध," ताई म्हणली. "पाण्यानं डोळा थंडा पडते."

"दूध कुठचं आता ताई, तीन वर्षाची झाली ते!"

"मंग तूप टाकू का?"

मी आयकलंच नाही. पाणी टाकत राहिली. काही समजून नव्हतं टाकत. पाणी बंद केलं का डोळा पाहावा लागन, अन् मले तो पाहायचा नव्हता. ताई हापसून हापसून दमली तरी मी म्हणे, अजून, अजून.

मंग काळीपिवळी जीप भेटली, गोंदियाची. मागच्या सीटवर आम्ही तिघी. घरवाला कामाले गेलेला, फोन लागून नव्हता राहिला. परी ओल्या फ्रॉकमध्ये माह्या मांडीवर, तोंडावर माहा पदर. ताई माह्या कानाशी आली.

"आयक. दवाखान्यात सांगजो, चुना गेला डोळ्यात."

"काऊन?"

"काऊन म्हणते! लेकरांकडून सेल आणवले, लेकरासमोर फोडले. वर गेलं तं दोघींचीही ड्युटी खतम. तुही आधी. मदतनीसच पहिले जाते."

"पण दवा..."

"चुनाही डोळा जाळतेच न? जळल्यावर एकच दवा असते."

मले ते पटलं. खोटं कायले बोलू, पटलं. माह्या घरात महिन्याचं बांधलेलं मानधन माहंच येते. मी पूर्ण रस्ताभर मनात घोकत गेली, चुना, चुना, चुना. शाळेत पाढे घोकत होती तसं.

दवाखान्यात डोळ्याच्या मॅडम तरण्या होत्या. परीले चादरीत गुंडाळून दोघींनी धरलं. मॅडमनं डोळ्यात थेंब टाकला, पापणी उलटी केली, लाईट मारला.

"काय गेलं डोळ्यात?"

"चुना," मी म्हणली.

"पानाचा चुना? पुडी फुटली का?"

"हो."

त्यांनी परत पाह्यलं. मंग परीच्या कपाळावरून बोट फिरवलं अन् माह्याकडं वळल्या. "चुन्यानं भुवई जळत नाही."

मी पाह्यलं. खरंच डाव्या भुवईचे केस आखडून गेले होते, चुलीजवळ बसल्यावर होतेत तसे. एवढा वेळ तोंडावर पदर होता, मले दिसलंच नव्हतं.

"हे बघा," मॅडम म्हणल्या, "मला पोलिसात नाही द्यायचं कोणाला. काय गेलं ते कळलं नाही तर मी चुकीचं औषध देईन. डोळा तिचा जाईल, माझा नाही."

माह्या तोंडून निघालं, "सेल फुटला, मॅडम."

"बॅटरी फुटली?"

"बॅटरी नाही, सेल."

"अहो पण कशाची बॅटरी? गाडीची? इन्व्हर्टरची? ॲसिड होतं का त्यात?"

"बॅटरी नव्हतीच मॅडम! सेल! सेल फुटला!" मी ओरडाले लागली, त्या मले समजून नव्हत्या राहिल्या अन् मी त्यांना. मले काय माहीत का दवाखान्यात सेलालेच बॅटरी म्हणतेत.

तेव्हा सुनंदाताई उठली. तिनं आपल्या पिशवीतून स्टीलचा डब्बा काढला, टिफिनचा. झाकण उघडलं. आत वाळू, अन् वाळूत तो सेल, काळा झालेला, एका बाजूनं गुलाबी.

"हा," ताई म्हणली.

मी तिच्या तोंडाकडं पाहतच राहिली. वाळूतून काढून रस्त्यात नाल्यात फेकाले आणला असन तिनं. पुलावरून गाडी गेली तेव्हा तिनं पिशवी उचलली होती, मले वाटलं उलटी येऊन राहिली. काऊन नाही फेकला, ते तिनं आजपर्यंत सांगतलं नाही. मीही विचारलं नाही.

"हे पिशवीत घालून आणलंत?" मॅडम मागं सरकल्या. "बाहेर न्या आधी. उघड्यावर ठेवा, माणसांपासून लांब. हा परत पेटू शकतो."

ताई डब्बा दोन्ही हातानं धरून बाहेर गेली, नारळ फोडाले नेते तशी. कुठं दुसरीकडं असतो तं हसली असती मी.

परीले भरती केलं. सलाईनच्या नळीनं डोळे धुतले, मंग परत धुतले, कागदाची पट्टी डोळ्याले लावून पाह्यली का आत तेजाब तं नाही राहिलं. मॅडम म्हणल्या, पाणी टाकलं तेवढं एक बरं केलं. उजवा डोळा वाचला. डाव्यात फूल राहीन. फूल म्हणजे बुबुळावर पांढरा डाग. परीनं आयकलं अन् विचारलं, "कोणतं फूल?" मी म्हणली, "मोगरा." अजून काय सांगणार.

दवाखान्यातून सुट्टी झाल्यावर गोंदियाजवळच्या फुलचूरले भावाकडं राहिली. भाऊ मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात कामाले आहे. मी त्याले तो सेल कसा होता ते सांगतलं. त्यानं कपाळ धरलं.

"अवो ताई, तो चार्जिंगचा. लिथियम म्हणतेत त्याले. त्याचा उजेड बंद पडला तरी आत जोर राहते. ठोकला, टोचला, चुलीत टाकला, का पेटते. आम्ही दुकानात मोबाईलची फुगलेली बॅटरी फुलासारखी उचलतो."

"अन् दुसरे? रिमोटचे?"

"ते तसे पेटत नाहीत, पण त्यांच्यातलं पाझरलेलं हातानं चोळू नको. फळा फासते म्हणे! लेकरं फळ्याले हात लावतेत, अन् त्याच हातानं खिचडी खातेत."

हे मी कधी डोक्यातच नव्हतं आणलं. खिचडी मीच वाढतो.

गावाले आली. राहून गेलेली व्हिजिट मंग झाली. सुपरवायझर मॅडम खुर्चीत बसल्या, पंखा बंद होता, म्हणल्या, "हे असले धंदे कोणी सांगितले तुम्हाला?"

मी खाली पाहून राहिली. वाटलं, ताई आता माहं नाव घेते.

"कोणी कायले सांगन? दरवर्षी करतो मॅडम," ताई म्हणली. "मागच्या साली तुम्हीच म्हणल्या, फळा मस्त काळा आहे तुमचा."

मॅडम खुर्चीतून उठल्या. वर कळवते म्हणल्या अन् गेल्या. वरून अजून काही आलं नाही. आलं तं आलं. फोन वाजला का मी आधी नंबर पाहतो.

सेल तं टोपल्यात तसेच होते. त्यात अजून गुलाबी निघाले. मी एक एक लेकराच्या मायले विचारलं, हा तुमच्या घरचा का? सगळ्या म्हणल्या, आमचा नाही वो, आमच्याकडं अशी बॅटरीच नाही. अन् त्यांचेच घरवाले रोज डोक्याले बांधून जागलीले जातेत. ग्रामपंचायतीच्या शिपायाले दाखवलं तं म्हणे, तळ्यात फेकून दे, कोण पाहते. भंगारवाल्यानं हात नाही लावला. भावानं सांगतलं तसं मी एक एकाच्या दोन्ही टोकाले चिकटपट्टी लावली, चार्जिंगचे वेगळे केले, कोरड्या वाळूत पत्र्याच्या डब्यात ठेवले. ते घेऊन गोंदियाले जुन्या बॅटऱ्या घेणाऱ्या दुकानात गेली. दुकानवाला म्हणे, "चार्जिंगवाला छोड़ दो, आगे भेज देंगे. ये रिमोटवाला कोई नहीं लेता, बाई."

ते परत घेऊन आली. अंगणवाडीच्या वरच्या फळीवर आहेत, लेकराच्या हाताले पुरत नाही तिथं. लेकरं अजूनही खिशात सेल घेऊन येतेत, सवय लागली आहे. आता दारातच मी सगळ्यांच्या मुठी उघडून पाहतो. हे मदतनीसाच्या कामात कुठं लिहिलेलं नाही.

डॉक्टर मॅडमनं सांगतलं का चांगला डोळा रोज थोडा वेळ झाकायचा, म्हणजे दुसऱ्याले काम पडते. खिचडी शिजेपर्यंत मी परीच्या उजव्या डोळ्याले पट्टी लावतो, फळ्यासमोर बसवतो अन् एक अक्षर काढतो. काल 'ग' काढला, माह्या हाताएवढा.

"काय आहे सांग."

तिनं मान तिरपी केली. "धूर आहे."

फळा आम्ही मंग काळा नाही केला. पांढुरकाच आहे. त्याच्यावरचं अक्षर बाकीच्या सगळ्या लेकरांना दिसते. पहिलेही दिसतच होतं.